जुनी डिझेल फोर बाय फोर आणि बर्फातला हिवाळा: आधी काय दुरुस्त करावं, मग कशी चालवावी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गाडी तीसएक वर्षं जुनी, डिझेल इंजिन, लॅडर चेसिस, चारही चाकांना पाटे, पुढे हातानं फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं त्यांच्या ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे) आणि गरजेपुरतंच लावायचं फोर व्हील. आजवर ती चिखलात आणि दगडांत चालली, आता पहिल्यांदाच बर्फ पडणाऱ्या भागात अख्खा हिवाळा काढायचा आहे. मड टायर, छतावरचे दिवे आणि दुसरी बॅटरी यांपैकी आधी काय घ्यावं, घरच्या घरी काय दुरुस्त करता येईल आणि बर्फावर चालवताना काय वेगळं करावं लागतं, हे तुम्हाला हवं आहे.

माझं मत विचाराल तर तिन्हींपैकी आत्ता काहीच घेऊ नका. जुन्या गाडीत प्रत्येक गोष्ट थोडी थोडी थकलेली असते. बॅटरी जराशी उतरलेली, अर्थची पट्टी गंजलेली, एखादा हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना ते आतून तापवणारा) गेलेला, डिझेलच्या नळीतून किंचित हवा येतेय. उन्हाळ्यात यातलं एकेक दुखणं खपून जातं, कारण इंजिन सुरू व्हायला जेवढी ताकद लागते त्यापेक्षा बरीच जास्त शिल्लक असते. उणे दहा अंशाला ती शिल्लक संपते आणि सगळी दुखणी एकाच सकाळी पुढे येतात. नवं सामान लावण्याआधी ही गमावलेली शिल्लक परत मिळवायची. त्यातलं बहुतेक काम मल्टिमीटर, वायर ब्रश, ग्रीस गन आणि एखाद-दोन सुट्ट्यांत उरकतं.

सुरुवात विजेपासून करा, कारण थंडीतल्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीचे व्होल्ट मोजा. 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. (गाडी 24 व्होल्टची असेल तर हे आकडे दुप्पट धरा.) निम्म्या भरलेल्या बॅटरीवर उन्हाळ्यात सेल्फ आरामात फिरतो, थंडीत मात्र दोन्हीकडून मार बसतो: बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणून बॅटरीवरचा कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे 18 अंशाला मोजलेला असतो, बॅटरी बदलायची झाली तर तो आकडा पाहून घ्या. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहा अंशांच्या आतच गोठू शकते, कारण तिच्यातलं ॲसिड जवळजवळ पाणी झालेलं असतं. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंप केबल कधीही लावू नका, ती फुटते.

बॅटरी ठीक असेल तर केबलकडे वळा. डिझेलचा सेल्फ फिरताना सहज 300 अँपिअर ओढतो. वाटेत एखाद्या गंजलेल्या टर्मिनलवर फक्त 0.01 ओहमचा अडथळा असला तरी तिथेच 3 व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे सेल्फला 12 ऐवजी 9 च मिळतात. हा एवढासा अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर कधीच दिसत नाही. तो पकडायचा तर मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (टर्मिनलच्या पट्टीला नव्हे, आतल्या शिशाच्या खांबाला) आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम. 0.5 च्या वर गेलं तर अर्थची केबल उघडा, दोन्ही टोकं चकचकीत घासा, ग्रीस लावून कसा. तीच चाचणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत करा. जुन्या गाडीत इंजिन आणि चेसिसमधली विणलेली पट्टी बहुधा काळीठिक्कर पडलेली असते. ती नवी घाला आणि शक्य असेल तर शेजारी दुसरी एक जोडा. बॅटरी मेली म्हणून ती फेकून दिलेल्या कित्येक गाड्यांत खरा दोष या पट्टीचा असतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. दिवे, वायपर आणि हीटरचा पंखा लावल्यावर 13.5 च्या खाली जात असेल तर पट्ट्याचा ताण, अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे) ब्रश आणि त्याची अर्थ तपासा. थंडीत सुरुवातीला किंचाळणारा पट्टा बहुधा सैल नसतो, म्हातारा होऊन गुळगुळीत झालेला असतो. तो ताणत बसलात तर बेअरिंग मरेल, त्यापेक्षा बदला.

आता हीटर प्लग, म्हणजे ग्लो प्लग. जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये ज्वलन सुरू होतं. त्या चेंबरच्या थंड भिंती दाबलेल्या हवेतली उष्णता शोषून घेतात, म्हणून अशा इंजिनाला प्लगशिवाय थंडीत चालत नाही. प्रत्येक प्लगची तार सोडवून प्लगच्या टोकापासून इंजिनपर्यंतचा रोध मोजा: एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी म्हणजे जिवंत, रीडिंगच आलं नाही तर मेलेला. चारपैकी एक गेला तर शून्याच्या वर कळतही नाही. थोडा पांढरा धूर, अर्धा मिनिट लंगडं चालणं, मग सगळं ठीक. तेच लक्षण उणे अंशांत 'गाडी सुरूच होत नाही' असं होतं. फार जुन्या काही इंजिनांत प्लग एकामागे एक जोडलेले असतात, तिथे एक गेला की सगळे बंद. सगळे जिवंत असूनही गरम होत नसतील तर रिले आणि प्लगच्या पट्टीवर बारा व्होल्ट येतात का पाहा. जुन्या प्रकारच्या प्लगना वीस-तीस सेकंद द्यावे लागतात, नंतरच्या जलद प्लगना काही सेकंद पुरतात. आपले कोणते आहेत ते बदलण्याआधी नीट जुळवा. आणि स्टार्टिंग स्प्रे, म्हणजे ईथरचा फवारा, प्लग असलेल्या इंजिनात मारू नका. तापलेल्या टोकावर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा किंवा खुद्द पिस्टन जातो.

प्लग ठीक, सेल्फ जोरात फिरतो, तरी गाडी सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत बंद पडते आणि मग डिझेलचा हातपंप मारल्यावर चालते. हे एअर धरल्याचं लक्षण. रात्रभरात कुठल्या तरी चिरलेल्या रबरी नळीतून किंवा फिल्टरच्या वॉशरमधून हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीकडे ओघळतं. तिथून डिझेल बाहेर गळत नाही, त्यामुळे डोळ्यांनी शोधत बसू नका. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडी पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, बुडबुडे दिसले की मागे मागे सरकत जागा सापडते. परतीच्या नोझल नळ्या तर बिनधास्त सगळ्याच बदला.

डिझेलबद्दल एवढं लक्षात ठेवा: उबदार भागातून भरलेलं डिझेल टाकीत घेऊन थंड भागात मुक्काम करू नका. डिझेलमध्ये पॅराफिनचं मेण असतं. उन्हाळी डिझेलमध्ये ते शून्याच्या थोडं खालीच गढुळायला लागतं आणि सगळ्यात आधी फिल्टर बुजवतं. इंजिन सुरू होतं, एक-दोन किलोमीटर चालतं आणि मग ताकद जाऊन बंद पडतं. थंड भागात पोचलात की रात्र होण्याआधी तिथलं हिवाळी डिझेल भरा आणि थोडं चालवा, म्हणजे ते फिल्टरपर्यंत पोचेल. मेण रोखणारं ॲडिटिव्ह डिझेल पातळ असतानाच टाकावं लागतं. एकदा मेण धरलं की त्याचा उपयोग नाही, मग फिल्टर बदला किंवा गाडी उबेत न्या. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याची जुनी युक्ती विसरा: पंपाचं वंगण डिझेलच असतं, शिवाय टाकीतली वाफ सहज पेट घेणारी होते. फिल्टरच्या तळाचं पाणी हिवाळ्याआधी काढा, नाही तर तेच गोठून वाट अडवेल. एक जादा फिल्टर आणि तो उघडायचा पाना गाडीत हवाच.

ऑइलचं गणित सोपं आहे. डब्यावरचा डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो: 15डब्ल्यूची सेल्फने फिरवण्याची चाचणी उणे 20 अंशाला होते, 10डब्ल्यूची उणे 25 ला, 5डब्ल्यूची उणे 30 ला. गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर हिवाळ्यापुरतं एक पायरी पातळ ऑइल घाला. गिअरबॉक्समध्ये मात्र हात आखडता घ्या. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) जीएल-4 दर्जाचं तेल सांगितलेलं असेल तर 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-5 ओतू नका, त्यातली काही द्रव्यं पितळ खातात. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड पडणारच, जोर लावू नका. सेल्फ मारताना क्लच दाबून ठेवा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट तेल घुसळण्याचं काम सेल्फवर पडत नाही.

कूलंट निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हे इथे लागू नाही, निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. साधं पाणी भरून चालवायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा, ब्लॉक तडकला की गाडी संपली. त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, तपासा. अनेक जुन्या गाड्यांतून तो गरम भागात 'इंजिन तापतं' म्हणून काढून टाकलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात तापमानाचा काटा वर चढतच नाही, हीटर कोमट फुंकतो, डिझेल जास्त जातं आणि सिलिंडरची झीज वाढते. थर्मोस्टॅट ठीक असूनही हीटर थंड असेल तर हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये गाळ बसलाय. दोन्ही नळ्या सोडून उलट्या दिशेनं हळू पाणी सोडा, लालसर चिखल निघेल. पण दाब जपून, जुन्या सोल्डरचा भरवसा नसतो. काचा आतून धूसर होत असतील तर आधी पायांखालचं कार्पेट उचलून पाहा. ओलं असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा, तोवर हीटर कितीही लावा, काच साफ होणार नाही.

ब्रेक आणि स्टिअरिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन. कोरड्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी जराशी डावीकडे ओढली तर आपण स्टिअरिंग किंचित वळवून सांभाळतो. बर्फावर तीच ओढ गाडीला आडवी करते. एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. दोन्ही बाजूंचं घासणं सारखं वाटलं पाहिजे. मागचा एखादा ब्रेक ड्रम अचानक पकडत असेल तर आत पाहा, बहुधा ॲक्सलचं सील गळून ब्रेक शूजवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) तेल आलेलं असतं. तेल प्यायलेले शूज धुऊन परत बसवू नका. ब्रेक सोडल्यावरही एखादं चाक अडकून राहत असेल आणि सिलिंडर ठीक असेल तर रबरी होज आतून सुजलीय असं समजा, ती वरून छान दिसते पण तेल परत सोडत नाही. लोखंडी ब्रेक पाइप क्लिपच्या आत गंजतात, तिथे क्लिप सोडवूनच पाहा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर सगळं काढून नवं भरा.

चाकाची चाल तपासताना वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा. हललं तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. चाल गेली तर हबच्या बेअरिंगची होती, राहिली तर किंग पिनची, म्हणजे चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं त्या खिळीची. टाय रॉडचे (स्टिअरिंगपासून चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) एंड पाहायला दुसऱ्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगून खालून प्रत्येक जोडावर बोट ठेवा, जिथे दोन भाग वेगवेगळे हलतात तिथे काम आहे. ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरत असतील आणि कुणी नवा स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगची थरथर शोषणारा शॉक) सुचवला तर घेऊ नका, तो फक्त सैल जोड झाकतो.

ग्रीसिंग पुस्तकात दिलंय त्यापेक्षा लवकर करा, विशेषतः खारट चिखलातून आल्यावर. ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसमध्ये (टोकाच्या फुलीसारख्या जोडात) चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. एकाच टोपीतून येत राहिलं तर बाकीच्या कोरड्या आहेत. हळू वेगात चाकाच्या लयीत चिक-चिक आवाज म्हणजे क्रॉस कोरडा, गिअर टाकताना ठण्ण झालं तर तो खाल्लेला. ॲक्सलचे ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगवरची ती छोटी टोपी किंवा नळी, मोकळे आहेत का हे क्वचितच कुणी बघतं. तापलेला ॲक्सल बर्फाच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ड्रेन प्लग किंचित सैल करून पाहा. तेल दुधाळ असेल तर बदला आणि ब्रीदरची नळी वर इंजिनच्या उंचीपर्यंत न्या.

गंजाबद्दल थोडक्यात: रस्त्यावर मीठ टाकत असतील तर चेसिस आतून धुवायला हवी, नुसती बॉडी धुऊन भागत नाही. निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा आणि हिवाळ्याआधी पोकळ भागांत मेण किंवा तेलाचा फवारा मारा. खालून डांबरासारखा जाड थर फासणं मला पसंत नाही, त्याच्या तड्यातून शिरलेलं पाणी मागे राहतं आणि गंज दिसतही नाही. मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्या कोरड्या थंडीपेक्षा लवकर गंजते. मजल्याला भोक पडलं असेल तर ते नुसतं थंडी आत येण्यापुरतं समजू नका, तिथूनच एक्झॉस्टचा धूरही येतो.

टायर. मड टायरचे मोठे ठोकळे खोल चिखलात आणि ताज्या भुसभुशीत बर्फात चालतात, पण दाबून कडक झालेल्या बर्फावर आणि काचेसारख्या थरावर ते साध्या टायरपेक्षाही वाईट निघू शकतात. रबर थंडीत कडक होतं आणि ठोकळ्यांवर बर्फाला चावणाऱ्या बारीक चिरा जवळपास नसतात. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण शोधा, तो टायर बर्फावर तपासलेला असतो. नुसतं एम+एस (मड आणि स्नो) लिहिलेलं असेल तर त्यामागे अशी चाचणी असेलच असं नाही. नक्षी 4 मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी टायर संपला. भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून बनवल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं. जुन्या गाड्यांना कमी चालवल्यामुळे भरपूर नक्षी असलेले पण लाकडासारखे झालेले टायर असतात, त्यांना फसू नका. तापमान पाच-सहा अंश उतरलं की दाब साधारण 1 पीएसआय कमी होतो, म्हणून हवा थंड टायरवरच मोजा. साखळ्या घेणार असाल तर घरी, कोरड्या जागी एकदा चढवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून ब्रेकच्या होजला लागत नाहीत ना ते बघा. एकच जोडी असेल तर ती कुठल्या ॲक्सलवर लावायची ते पुस्तक सांगेल. फक्त पुढे लावली तर उतारावर मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते, फक्त मागे लावली तर स्टिअरिंग ऐकत नाही. जमत असेल तर चारही चाकांना लावा.

आता चालवण्याकडे. फोर व्हील गाडी पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही. चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीत असतोच. ताशी 40 किलोमीटरला, विचार करण्यात जाणारा वेळ सोडून, कोरड्या डांबरावर साधारण 8-9 मीटरमध्ये गाडी थांबते. दाबलेल्या बर्फावर 25 मीटर आणि काचबर्फावर 60 च्या वर. अडचण अशी की फोर व्हील लावलेली गाडी इतकी सहज वेग घेते की रस्ता निसरडा आहे हे ड्रायव्हरला पहिल्या ब्रेकलाच कळतं. म्हणून मोकळ्या, मागेपुढे कुणी नसलेल्या जागी हळू वेगात एकदा ब्रेक दाबून रस्ता अजमावा. जुन्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, बहुधा नसते. चाकं जाम झाली की स्टिअरिंग निकामी होतं, तेव्हा ब्रेक दाबा-सोडा करत राहा आणि वळायचं असेल तर तेवढा वेळ पूर्ण सोडा.

हब घरून निघतानाच लॉक करा. बर्फात अडकल्यावर गुडघ्यावर बसून गोठलेला हब फिरवणं कुणालाच जमत नाही. हब लॉक असले तरी लिव्हर टू व्हीलवर असेपर्यंत कोरड्या रस्त्यावर काही बिघडत नाही. लिव्हर फोरवर असताना मात्र पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, बर्फावर तो फरक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर तो सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो. लिव्हर निघत नसेल तर दोन-चार मीटर सरळ रिव्हर्स घ्या, सुटतो. तुकड्यातुकड्यानं बर्फ आणि डांबर असलेल्या रस्त्यावर हाच लिव्हर सतत हलवावा लागतो, त्यात कंटाळा करू नका. ज्या जुन्या गाड्यांना कायमचं फोर व्हील आणि मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी) असतं, उदाहरणार्थ 1977 पासून बनणारी लाडा निव्हा, त्यांत हा प्रश्न येतो तो मधलं लॉक लावल्यावरच.

चढाला निघताना लो रेंजचा (फोर व्हीलच्या लिव्हरनं लागणाऱ्या, वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरसंचाचा) दुसरा किंवा तिसरा गिअर लावा आणि चाक गरगरू देऊ नका. गरगरलं की खालचा बर्फ वितळून लगेच काच होतो. चढ अर्ध्यावर सुटला तर क्लच दाबून वळायचा विचारही नको, रिव्हर्स टाकून आलेल्याच चाकोरीतून सरळ मागे उतरा. उताराला लो रेंजमध्ये इंजिनवर सोडा, पाय क्लचपासून लांब. मात्र काचबर्फावर फार खालचा गिअर लावला तर चाकं गाडीपेक्षा हळू फिरायला लागतात आणि गाडी घसरते. तेव्हा हाताशी असलेला उपाय म्हणजे थोडा ॲक्सिलरेटर. मनाला पटायला जड जातं, पण चाकं पुन्हा रस्त्याच्या वेगाला येतात आणि पकड मिळते. मागचं डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरायला लावणारं) असेल तर आडव्या उताराच्या रस्त्यावर ते लावू नका, दोन्ही मागची चाकं एकदम सुटून गाडी दरीच्या बाजूला सरकते. आखूड चेसिसच्या उंच गाड्या पटकन फिरतात, आणि आडव्या घसरताना चाक कशाला अडलं तर उलटतात. वेग कमी ठेवण्यापलीकडे त्यावर उपाय नाही.

रुतल्यावर तिरक्या कोपऱ्यांवरची दोन चाकं (एक पुढचं, एक मागचं) फिरत राहिली तर साधं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या चाकांना देतंय. ॲक्सिलरेटर हलका ठेवून डाव्या पायानं ब्रेक थोडा दाबा, फिरणारं चाक अडतं आणि थोडा जोर दुसऱ्याकडे जातो. नाहीच निघालं तर उतरून फावडं घ्या आणि पोटाखालचा बर्फ काढा. बहुतेक वेळा गाडी चाकांवर नसून ॲक्सलवर बसलेली असते. दुसऱ्या गाडीनं ओढायचं तर चेसिसला पक्क्या बसवलेल्या हुकालाच पट्टा लावा, ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो, माणसं मेलेली आहेत. गाडीत बसून वाट पाहायची वेळ आली तर एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा काढा, तासाला दहाएक मिनिटंच इंजिन चालवा आणि वारा येतो त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ओले शूज ड्रमला गोठून चिकटतात. थांबण्याआधी थोडं अंतर ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवा, मग गिअरमध्ये टाका आणि चाकांना लाकडी ओट (अडसर) लावा. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकावर नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तसा असेल तर मागचं एक चाक जॅकवर उचलताच डिफरन्शियल फिरतं आणि ब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळते. ओट लावल्याशिवाय जॅक लावायचाच नाही, आणि बर्फावर जॅकखाली फळी हवी. सकाळी निघण्याआधी पुढच्या चाकांमागच्या गोल हाऊसिंगवरचा बर्फ पुसा. नाही तर पहिल्याच पूर्ण वळणावर तो सील फाडतो आणि आठवड्याभरात ग्रीस बाहेर यायला लागतं.

राहिली तुमची खरेदी. टायरचं वर आलंच, पैसे घालायचे तर तिथे आधी, पण मड टायरवर नाही. छतावरचे दिवे पडत्या बर्फात पांढरी भिंत उभी करतात. त्याऐवजी हेडलाइटला रिले घालून बल्बवर पूर्ण व्होल्ट पोचवा, जुन्या स्विचमधून जाताना एक-दीड व्होल्ट तिथेच मरतो. एलईडी लावणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की हॅलोजनच्या उष्णतेनं काचेवरचा बर्फ थोडा तरी वितळतो, एलईडीवर तो साचून राहतो आणि थांबून पुसावा लागतो. दुसऱ्या बॅटरीचा विचार करण्याआधी अल्टरनेटरवरचा अँपिअरचा आकडा वाचा. 45 चा असेल तर दिवे, वायपर, हीटरचा पंखा आणि नुकत्याच वापरलेल्या प्लगची भरपाई यातच तो थकतो, आणि आयडलला तर त्याच्या निम्मंही देत नाही. असा अल्टरनेटर छोट्या फेऱ्यांत एक बॅटरी भरू शकत नाही, दोन कुठून भरणार? वरची व्होल्टची चाचणी करून बघा, बॅटरीवर आणि सेल्फच्या बोल्टवर काय आकडे येतात ते कळवा, म्हणजे केबल बदलायची की अल्टरनेटर हे नेमकं सांगता येईल.